हात एवढाच होतोय की

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खटखटीत आमचा जिम्नॅस्टिक्सचा हॉल आहे. वर पत्रा. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातनंतर आत उभं राहवत नाही, म्हणून सराव पहाटे. स्पर्धेत रिंग्ज, म्हणजे पट्ट्यांना टांगलेल्या दोन कड्या, जमिनीपासून २८० सेंटिमीटर उंच असतात, आम्ही छातीएवढ्या उंचीवर टांगतो. हँडस्टँड प्रेस शिकवायला तेच बरं, पोरगा कोसळला तर मॅट जवळ असते.

प्रेसबद्दल थोडं सांगावं लागेल. रिंग्जवर सरळ हातांनी तोललेल्या (आधारात) किंवा तसंच तोलून पाय समोर सरळ धरलेल्या (एल-सिटमध्ये) मुलाने झोका न घेता, नुसत्या ताकदीवर उलटं उभं राहायचं आणि वर दोन सेकंद थांबायचं. वाकड्या हातांच्या प्रेसमध्ये कोपरं दुमडतात, खांदे पुढे-खाली येतात, कंबर वर निघते आणि शेवटी ट्रायसेप्स, म्हणजे दंडामागचा स्नायू, आणि खांद्यांच्या जोरावर शरीर वर ढकललं जातं. सरळ हातांच्या प्रेसमध्ये कोपराची मदतच नाही. खांदे रिंग्जच्या पुढे झुकवायचे, पाय पोटाशी घडी करून कंबर खांद्यांवर आणायची, मग पाय उघडायचे. हे सगळं खांदे, पाठीचे फरे आणि मांडीमागची लवचिकता करते. खाली रिंग्ज पळायला बघतात, त्या अंगाशी दाबून धरायच्या. तळवे पुढे वळवले की झुकताना कोपराच्या खोबणीतल्या बायसेप्सच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, जबर ताण येतो. स्नायू काही महिन्यांत तयार होतो, कंडरा होत नाही. रिंग्ज झाडाला टांगून पंधरा दिवसांत सरळ हाताचा प्रेस मागणाऱ्या पोरांना मी हे सांगून थकलो. कोपर धरून परत येतात.

माझा नववीतला एक पोरगा दोन वर्षं मन लावून येतोय. वडील मागावर, आई विड्या वळते. सहा महिने मी त्याच्यावर एकच ओरडत होतो, "कोपर सरळ!" सरळ हातांच्या प्रेसला कोडमध्ये, म्हणजे गुण देण्याच्या नियमावलीत, वरची किंमत आहे, पण हात वाकला की ०.१, ०.३, ०.५ अशी कपात. मागच्या निवड चाचणीत पंचांनी त्याचं तेच कापलं. मीही त्याच्यावरच चिडलो. शेजारच्या प्रशिक्षकाने तर त्याच्या तोंडावर "आळशी आहे" म्हटलं, आणि मी गप्प बसलो.

रविवारी तो वर गेला, अगदी संथ, पाय काठीसारखे. मी खालून ओरडलो. खाली उतरून, हाताची मॅग्नेशियम पावडर झटकत तो म्हणाला, "सर, हात एवढाच होतोय की."

मी त्याला मॅटवर आडवा केला. एक हात कोपराखाली, एक मनगटावर, आणि हळू दाबलं. स्नायू आखडलेला असला की हात जसा शेवटी लवचीक थांबतो तसा तो थांबला नाही. हाडाला हाड लागल्यासारखा एका जागी अडला. दुसरा हात मात्र पूर्ण सरळ. त्याच्या कंपासपेटीतला कोनमापक लावला, तर साधारण पंधरा अंश कमी.

वडिलांना विचारलं. "लहान असताना पायऱ्यांवरनं पडलता. हाडवैद्याकडं बांधून आणलं, बरं झालं की." डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, जुनं फ्रॅक्चर वाकडं जुळलंय, जोर लावून सरळ करायच्या फंदात पडू नका. आणि सहा महिने मी नेमकं तेच करायला सांगत होतो.

खरं तर वर पोचल्यावर बाकीची पोरं कोपर लॉक करून हाडावर उभी राहतात. याचं कोपर रेषेबाहेर, म्हणजे गुडघे किंचित वाकवून उभं राहिल्यासारखं. ते दोन सेकंद याचा ट्रायसेप्स पूर्ण वेळ धरून असतो. इतरांपेक्षा जास्त मेहनत करून हा त्यांच्यापेक्षा कमी गुण घेत होता. आणि खाली झुकताना तो अडलेल्या हाडावर भार टाकत होता, ही भीती मला झोपू देत नाही.

मी त्याला वाकड्या हातांचा प्रेस दिलाय. त्यात कोपर मुळातच वाकतं, हाडावर आदळत नाही. किंमत कमी, आणि वरच्या हँडस्टँडमध्ये पंच कापतील ते वेगळंच. त्याला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. काल पहाटे मी कुलूप काढलं तेव्हा तो दारातच होता. म्हणाला, "सर, वाकड्याचा पन्नासदा करतो. पण एकदा सरळ बघू द्या की, दुखत नाय."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. डॉक्टरांकडे परत जायची वेळ घेतलीय, गुरुवारी. या वेळी त्याचा प्रेस मोबाइलवर बाजूने शूट करून नेणार आहे, म्हणजे भार नेमका कुठे येतो ते त्यांना दिसेल.