नायगावहून लिहिलेले पत्र

२९ ऑगस्ट

सावित्रीबाई फुले यांनी १८६८ साली याच तारखेला नायगावहून, म्हणजे आपल्या माहेरच्या गावातून, जोतीरावांना लिहिलेले पत्र आज पुन्हा वाचले. गावोगाव फिरून धर्मकृत्ये करणारा आणि भविष्य सांगून पोट भरणारा गणेश नावाचा ब्राह्मण आणि महार समाजातील सारजा नावाची कोवळ्या वयाची मुलगी यांचे प्रेम जडले. ती सहा महिन्यांची गरोदर असताना ही गोष्ट उघडकीस आली आणि चिडलेल्या लोकांनी दोघांना पकडून, वाजवत गाजवत गावातून फिरवले, ते ठार मारण्याच्याच इराद्याने. गणेश जातीने वरचा असला तरी त्याची भाकरी गावाने दिलेल्या दक्षिणेवर चालत होती. एवढ्या बेताच्या माणसालाही ती रेषा ओलांडण्याची माफी नव्हती, मग सारजेला कुठून असणार?

मला या पत्रात सर्वांत मोलाचे वाटते ते सावित्रीबाईंचे बोलणे. जमावापुढे त्यांनी प्रेमाची थोरवी गायली नाही. त्या धावत गेल्या आणि या दोघांना मारलेत तर इंग्रजांच्या कायद्याने काय भोगावे लागेल, ते बजावले. भारतीय दंड संहिता लागू होऊन तेव्हा पुरती सात वर्षेही झाली नव्हती, आणि तरीही खेड्यातल्या संतप्त पुरुषांसमोर एक स्त्री त्या कायद्याच्या बळावर उभी राहिली. मन वळवायला तेव्हा वेळच नव्हता. हात थांबवणे आवश्यक होते.

हात थांबले. पण पत्रात उल्लेख असलेल्या सदूभाऊ नावाच्या गृहस्थांनी दोघांनी गाव सोडावे असे रागाने सुनावले, आणि दोघांनी ते मान्य केले. इथे माझे मन दर वेळी अडते. जीव वाचले, हे फार मोठे झाले. तरीही गाव सुटले ते त्या दोघांचेच, मारायला निघालेल्यांपैकी कोणाचेही नाही. बाळंतपण जवळ आले असताना सारजेला आपली माणसे सोडावी लागली. अशा कथा सांगताना आपण पळून जाण्याचे धाडस रंगवतो, पण या दोघांना घालवून दिले होते. सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठवले, म्हणून निदान जायला एक दार तरी होते.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी या स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात कोणत्याही जातपंचायतीला वा जमावाला आडवे येता येणार नाही, असा निकाल दिला आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्यांचा विचार राज्यांनी करावा असेही सांगितले. त्याचे मला मनापासून समाधान आहे, पण निवारा म्हटला की पुन्हा गाव सोडणे आलेच. त्याच निकालात धमकावणाऱ्यांवर गुन्हा नोंदवण्याचेही निर्देश आहेत, आणि माझी सारी आशा त्यावर आहे: धमकीची पहिली कुणकुण लागताच पोलीस पाटलाने जोडप्याला एसटीत बसवून देण्याआधी धमकी देणाऱ्याच्या दारात जावे.