काळीजच दिसेना

दसऱ्यानंतर बीडकडच्या गावांत मुकादमांच्या गाड्या लागतात. त्याच्या आठेक दिवस आधी, मंगळवारी, ती बाई आमच्याकडे आली. धारूरकडची, पंचेचाळिशीची, सगळं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. सोबत मुलगा आणि कॅरीबॅगमध्ये फिल्मांचा गठ्ठा.

मी छत्रपती संभाजीनगरात न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून अंगातली चित्रं काढतात त्या विभागात, काम करतो. फिल्मा उजेडात धरल्या. मांडीच्या हाडात एक पोकळी, खालच्या जबड्यात दुसरी. मांडीतल्या तुकड्याच्या तपासणीत ‘जायंट सेल ट्यूमर’ आलेला, आणि पाय कापावा लागेल असं कुणीतरी घरच्यांना सांगूनही टाकलेलं. पण हातांच्या एक्स-रेत तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांची अंगठ्याकडची कड वाळवीनं खाल्ल्यासारखी दिसत होती. ती बघून हाडांच्या एका शहाण्या डॉक्टरांनी कॅल्शियम करायला लावलं. आलं १३.१. साडेदहाच्या वर ते जायला नको. मुतखडा तर दोनदा झालेला. म्हणजे दुखणं हाडात दिसत असलं तरी मूळ गळ्यात होतं.

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यातली एखादी माजली की हाडातलं कॅल्शियम उपसत राहते. झिजलेल्या जागेत रक्त झिरपतं, त्यातल्या लोहानं ती तपकिरी पडते, म्हणून ‘ब्राउन ट्यूमर’. नावात ट्यूमर असला तरी हा कॅन्सर नव्हे. ग्रंथी काढली की हाड हळूहळू भरत येतं. चारांतली कोणती माजलीय, ते शोधायचं काम आमचं.

“बोटं लई ठणकायल्यात साहेब, कोयता धरवंना,” टेबलावर झोपता झोपता मावशी म्हणाल्या.

सेस्टामिबी नावाच्या किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी एक चित्र, दोन तासांनी दुसरं. औषध थायरॉइडमधून ओसरतं आणि बिघडलेल्या ग्रंथीत टिकून राहतं, तोच ठिपका आम्ही शोधतो. इथं दोन तासांनीही सगळा थायरॉइड दिव्यासारखा पेटलेला. ‘निश्चित सांगता येत नाही’ असं लिहायला घेतलं होतं, आणि नजर चित्राच्या खालच्या कडेला गेली. तिथं अंधार. काळीजच दिसेना. सेस्टामिबी हृदयाच्या स्नायूत जाणार नाही असं होत नाही.

म्हणजे मावशींच्या अंगात सेस्टामिबी गेलंच नव्हतं.

सेस्टामिबी आम्हीच तयार करतो, टेक्नेशियम या किरणोत्सारी धातूपासून. तो ज्या भांड्यातून मिळतो त्या जनरेटरमधून (आम्ही त्याला दूध काढणंच म्हणतो) टेक्नेशियम निघतं ते परटेक्नेटेट या क्षाराच्या रूपात. विहिरीत टाकायच्या जांभळ्या परमँगनेटचा हा बिनरंगी मावसभाऊ. धातू +७ अवस्थेत, म्हणजे हिशेबानं सात इलेक्ट्रॉन गमावलेला, चारी बाजूंनी ऑक्सिजननं वेढलेला. अशा धातूला कुणी जोडीदार चिकटत नाही. म्हणून किटच्या बाटलीत कथिलाचा क्षार असतो. तो आपले इलेक्ट्रॉन देऊन टेक्नेशियमला +१ पर्यंत खाली आणतो. मग दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवलं की बाटलीतच तांब्याला धरून बसलेले ‘मिबी’ नावाचे रेणू त्याला सोडून टेक्नेशियमला बिलगतात. सहा रेणू, म्हणून ‘सेस्टा’. पण बाटलीत हवा शिरली तर कथिल आपले इलेक्ट्रॉन आधी ऑक्सिजनलाच देऊन मोकळं होतं. परटेक्नेटेट तसंच राहतं आणि आयोडीन समजून थायरॉइड ते ओढून घेतो.

शिकाऊ पोराला विचारलं. वॉर्डात सलाइनच्या बाटलीला हवेची सुई लावायची सवय, तशी त्यानं इथंही लावली होती. बिचारा खरं बोलला. पण पट्टीवरची शुद्धतेची तपासणी करायची राहिली ती माझ्यामुळे. बाहेर रांग होती. उरलेल्या औषधातून तेव्हा पट्टी चालवली, तर बहुतेक सगळं टेक्नेशियम मिबीला बांधलं न गेलेलंच.

बाहेर जाऊन सांगितलं, “मावशी, चूक आमची झाली. सुई वाया गेली. गुरुवारी परत करावं लागंल, पैसे लागणार नाहीत.” मुलगा काही बोलला नाही. त्यानं बसचं तिकीट खिशातून काढून पाहिलं आणि परत ठेवलं. दोन दिवस दोघं आवारातल्या लिंबाखाली राहिले. टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं, त्यामुळे गुरुवारपर्यंत आधीचं अडीचशेव्या हिश्श्यापेक्षाही कमी उरणार होतं. चित्रात त्याची लुडबुड नको होती.

गुरुवारी आधी पट्टी, मग सुई. पडद्यावर पहिल्यांदा काळीज उगवलं आणि माझा जीव भांड्यात पडला. दोन तासांनी थायरॉइड विझला. डाव्या बाजूला, त्याच्या खालच्या टोकाशी, एकच ठिपका राहिला.

सर्जननी काढलेली ग्रंथी बोराएवढी होती. त्यानंतर उपाशी हाडांनी कॅल्शियम असं ओढलं की मावशींच्या ओठांना, बोटांना मुंग्या आल्या आणि शिरेतून कॅल्शियम द्यावं लागलं. दहा-बारा दिवसांनी मुलगा एकटाच माझ्याकडे आला. मुकादमाची उचल दिवाळीआधीच घेऊन खर्चली होती.

“आई औंदा फडात येऊ शकत न्हाई, असं तेवढं कागदावर लिहून देता का?”

खरं तर ते सर्जनचं काम. पण लिहून दिलं. खाली शिक्का मारताना तो म्हणाला, “जरा ठळक मारा, साहेब.”