एक शीप, शंभर शीप

१९७९ च्या जूनमध्ये मी आपल्या शाळेत पाचवीत आलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासूनच. सहामाहीनंतर अनेकवचन आलं. नुसता एस लावायचा, त्यात काय मोठंसं! मी ऐटीत फळ्यावर 'चाइल्ड्स' लिहून आलो. वर्गात कोणी हसलं नाही, कारण चूक कोणालाच कळली नव्हती.

सरांनी खडू हातात घेतला आणि भलतंच विचारलं, "वीटचं अनेकवचन?"

"विटा."

"भिंतचं?"

"भिंती."

"मग भिंता का नाही? आणि उंदीरचं?"

आम्ही लालबाग-परळच्या चाळीतली पोरं, उंदरांचा अनुभव दांडगा. एक उंदीर, दोन उंदीर.

"हे आईनं पाठ करून घेतलं होतं का? इंग्रजांच्या पोरांचंही तसंच. त्यांचा उंदीर तेवढा बदलतो, माउसचा माइस होतो. बदलत नाही ती मेंढी. एक शीप, शंभर शीप. चाइल्डचं चिल्ड्रन, ऑक्सचं ऑक्सन."

दुसऱ्या दिवशी उच्चार. सगळ्यांनी गळ्याला बोटं लावायची. 'कॅट्स' म्हणताना घसा गप्प, 'डॉग्ज' म्हणताना बोटाखाली गुणगुण. तो शेवटचा आवाज सचा नाही, बाजारातल्या जचा. बसचं 'बसेस' करताना तर एक अख्खं अक्षर वाढतं. अख्खा वर्ग स्वतःचा गळा धरून बसलेला पाहून शिपाईमामा दारातच थबकले होते.

नाइफचं नाइव्ह्ज, लीफचं लीव्ह्ज इथवर जमलं, पण रूफनं दगा दिला, त्याचं रूफ्सच. पोटॅटोला ई-एस, फोटोला नुसता एस, कारण फोटो हे फोटोग्राफचं आखूड रूप. हे कारण मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही अर्धवटच पटतं.

पुढे फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात पत्रात 'फर्निचर्स' टाइप केलं. साहेबांनी लाल पेन्सिलीनं एस खोडला आणि पत्र परत पाठवलं. खरं तर फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन यांना एस लागत नाही, हे सरांनी सांगितलं होतं. घरातलं सामान जरी आठवलं असतं तरी चुकलो नसतो. आपण तरी सामानाचं अनेकवचन कुठे करतो? चार नग म्हणतो.

आपण मराठी माणसांनी इंग्रजीवर याचं उट्टं केव्हाच काढलंय म्हणा. फाइलच्या फायली केल्या, बॅगच्या बॅगा. आणि अनेकवचनाचं एकवचनही करून टाकलं. एकदा बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर ओरडला, "ओ, थांबा जरा, एक लेडीज उतरतेय!" नंतर सर दादरला भेटले तेव्हा मोठ्या हौसेनं त्यांना ही चूक सांगितली.

सर म्हणाले, "उतरली ना ती नीट?"