मीटरचा आकडा मागे गेला तेव्हा

"मॅडम, रात्री आकडा मागं गेला." टेस्ट बेंचवरच्या मुलानं लॉगची प्रिंट समोर ठेवली. 41 लिटर 998 मिली, त्याच्या खालच्या ओळीत 41 लिटर 0 मिली, आणि त्याच्याही खाली 42 लिटर 2 मिली. पुढे सगळं सुरळीत.

आमचं भोसरीतलं छोटं युनिट पाण्याचे डिजिटल मीटर बनवतं. टर्बाइन फिरलं की चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, देतो, एका पल्सला 2 मिली पाणी धरायचं. आत एसटीएम32एफ030 ही चिप: कॉर्टेक्स-एम0, 48 मेगाहर्ट्झ, 64 केबी फ्लॅश, 8 केबी रॅम. पाण्याचा मीटर क्षणभर जरी मागे गेला आणि नेमकं तेव्हाच रीडिंग घेतलं गेलं, तर बिल चुकतं. त्यामुळे "पुढच्या ओळीत बरोबर आलं ना" म्हणून हा प्रश्न सोडून देणं मला मान्य नव्हतं.

फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम, सी भाषेतलं, जुनं, बऱ्याच हातांखालून गेलेलं. मोजणीचा भाग वाचला. लिटर आणि मिली असे दोन ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या कोडला दिसणारे आकडे. इंटरप्ट (पल्स आला की चालू काम थांबवून लगेच चालणारा कोड) ते वाढवतो, मेन लूप (सतत फिरत राहणारा मुख्य कोड) ते वाचतो. दोन्हींना व्होलाटाइल लावलेलं. वरवर खोट दिसत नव्हती.

त्या काळात मी संध्याकाळी रस्ट शिकत होते. ग्रेडन होअर यांनी 2006 मध्ये सुरू केलेली ही भाषा; 1.0 आवृत्ती 2015 च्या मे महिन्यात आली. ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या चिपसाठी तिची स्टँडर्ड लायब्ररी बाजूला ठेवून नुसत्या 'कोअर' या मूळ लायब्ररीवर काम करता येतं. तोवर माझी मजल एलईडी लुकलुकवण्यापर्यंतच गेली होती. त्या दिवशी ठरवलं, मोजणीचा हाच भाग न्यूक्लिओ या सरावाच्या बोर्डवर रस्टमध्ये लिहायचा, जसाच्या तसा.

पहिल्याच बिल्डला कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, अडला. बदलता ग्लोबल व्हेरिएबल वापरायचा तर 'अनसेफ' (म्हणजे सुरक्षिततेची जबाबदारी माझी) लिहा, म्हणाला. ते लिहून पुढे जाता आलं असतं, पण मग शिकणार काय? म्हणून साधा स्टॅटिक (न बदलणारा ग्लोबल) घेतला आणि आत 'सेल', म्हणजे आतली किंमत बदलू देणारी डबी, ठेवला. आता दुसरी तक्रार: हा सेल थ्रेड्समध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये, सुरक्षितपणे वाटून घेता येत नाही.

मी त्या ओळीकडे बघत राहिले. या बोर्डवर थ्रेड कुठून आला? एकच प्रोसेसर कोअर, ऑपरेटिंग सिस्टिम नाही. हळूहळू लक्षात आलं की इंटरप्ट हाच तो दुसरा थ्रेड. मेन लूप कुठल्याही दोन सूचनांच्या मधे थांबवून तो घुसू शकतो, आणि हे गृहीत धरूनच ही भाषा रचलेली आहे. ग्लोबल म्हटला की तो कुणालाही, कधीही हात लावता येईल असा मानायचा.

मग जुन्या सी कोडचं डिसअसेंब्ली (चिप चालवते त्या एकेक सूचनांची यादी) उघडलं. लिटर वाचायची एक सूचना, थोडं पुढे मिली वाचायची दुसरी. मेन लूपनं 41 वाचले. तेवढ्यात पल्स आला, इंटरप्टनं लिटर 42 केले, मिली 0 केले. परत आल्यावर मेन लूपनं मिली वाचले: 0. जुने 41 आणि नवे 0. प्रिंटवरची ओळ तंतोतंत तीच होती. 48 मेगाहर्ट्झला एक सायकल सुमारे 21 नॅनोसेकंदांची. दोन वाचनांमधली फट अशा मोजक्या सायकलींची, आणि ती फसते फक्त लिटर पूर्ण होताना. म्हणून दिवसा कधी सापडलं नाही. व्होलाटाइलचा इथे काहीच उपयोग नाही. प्रत्येक वाचन खरोखर मेमरीतून होईल एवढीच त्याची हमी. दोन वाचनं एकत्र होतील, हे ते सांगत नाही.

रस्टमध्ये मी लिटर आणि मिली एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे आकड्यांच्या एका गठ्ठ्यात, घातले, ते सेलमध्ये, सेल 'क्रिटिकल-सेक्शन' क्रेटच्या (तयार लायब्ररीच्या) म्यूटेक्समध्ये, म्हणजे एका वेळी एकालाच उघडणाऱ्या कुलपात. त्या म्यूटेक्सला हात लावायचा तर इंटरप्ट बंद असल्याचं टोकन हातात लागतं. टोकन नसेल तर कोड कंपाइलच होत नाही. मधल्या वेळात पल्स आला तरी हरवत नाही, प्रलंबित राहतो आणि इंटरप्ट उघडताच मोजला जातो.

एक गोष्ट मुद्दाम करून पाहिली, आणि रस्टचं कौतुक करणाऱ्यांनी ती जरूर करून पाहावी. स्ट्रक्ट काढून लिटर आणि मिली वेगवेगळ्या अॅटॉमिकमध्ये (ज्यांचं वाचणं-लिहिणं मधे तुटत नाही) ठेवले. कॉर्टेक्स-एम0 वर अॅटॉमिकची थेट बेरीज मिळत नाही, पण लिहिणारा एकटा इंटरप्ट असल्यानं नुसतं वाचणं-लिहिणं पुरतं. कंपायलरनं चकार शब्द काढला नाही, आणि तोच दोष जसाच्या तसा आत होता. कारण प्रत्येक आकडा सुटा-सुटा सुरक्षित होता. ते दोन आकडे मिळून एकच रीडिंग आहे, हे मी कंपायलरला सांगितलंच नव्हतं. ते स्ट्रक्टनं सांगितलं जातं, आणि तो स्ट्रक्ट बनवायचं डोकं माणसाचंच लागतं.

विकलेल्या मीटरमध्ये रस्ट घालायचा प्रश्नच नव्हता. सी कोडमध्येच वाचनाआधी इंटरप्ट बंद, दोन्ही आकड्यांची प्रत, मग इंटरप्ट चालू, एवढा बदल केला आणि बेंच पुन्हा रात्रभर चालवला. लॉगमध्ये आकडा एकदाही मागे गेला नाही. पुढच्या मॉडेलचं मोजणीचं मॉड्यूल मात्र रस्टमध्ये लिहायचं, असं मी सरांकडे मागितलं. त्यांनी विचारलं, "तुमच्यानंतर हे सांभाळणार कोण?" प्रश्न रास्त आहे. म्हणून सध्या शनिवारी दुपारी बेंचवरचा तो मुलगा आणि मी एकत्र बसतो. या शनिवारी म्यूटेक्स घ्यायचा आहे.