प्रशिक्षणाचं टीए बिल कुठे अडकतं

केंद्र सरकारच्या कार्यालयात प्रशिक्षणाचं टीए (प्रवास भत्ता) बिल परत येतं ते बहुतेकदा तिकिटापायी नाही, वेळेच्या रकान्यापायी. ‘सोमवार ते शुक्रवार, पाच दिवस’ एवढं लिहून भागत नाही. १३ जुलै २०१७ च्या आदेशानंतर जेवणाचा भत्ता ठोक झाला, हॉटेलातल्या जेवणाच्या पावत्या जोडायचं संपलं. पण तो मिळतो मुख्यालयाबाहेरच्या, म्हणजे नेमणुकीच्या गावाबाहेरच्या तासांवर, आणि मोजणी मध्यरात्र ते मध्यरात्र. सहा तासांहून कमी असेल तर ३० टक्के, सहा ते बारा तासांना ७० टक्के, बाराच्या वर पूर्ण. (राज्य शासनाचे नियम वेगळे आहेत, हे आकडे तिथे लावू नका.)

लेव्हल ७ चा (सातव्या वेतन आयोगाच्या सातव्या वेतनस्तराचा) कर्मचारी नागपूरहून पुण्याला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला जातोय आणि जेवण स्वखर्चाने आहे, असं धरू. जेवणाच्या भत्त्याचा मूळ दर दिवसाला ८०० रुपये. महागाई भत्ता ५० टक्के झाला की या दरात २५ टक्के वाढ, म्हणून १०००. रविवारी संध्याकाळी साडेपाचची गाडी असेल तर त्या दिवसाचे साडेसहा तास भरतात, ७०० रुपये मिळतात. तीच गाडी साडेसहाची असती तर ३००. सोमवार ते शुक्रवारचे ५०००. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी दहाला नागपूर, म्हणजे आणखी ७००. एकूण ६४००. म्हणून सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा तिकिटावरून नीट उतरवा. आणि मेसची सोय संस्थेने केली असेल तर तसं प्रमाणपत्र घ्या. ते लपवून पूर्ण भत्ता मागितला की वसुली ठरलेली.

राहण्याच्या खर्चात खरी गंमत आहे. लेव्हल ८ आणि त्याखालच्यांना ठरलेल्या मर्यादेत पावतीशिवाय, स्वयंप्रमाणित दावा चालतो. मात्र त्यात मुक्कामाचा कालावधी आणि जागेचं नाव हवं. ‘पुण्यात राहिलो’ हे पुरत नाही. पुणे, मुंबईसारख्या ‘एक्स’ वर्गातल्या शहरांत लेव्हल ७ ची मूळ मर्यादा दिवसाला ७५० ऐवजी १००० होते, पण वाढीव मर्यादेसाठी पावती लागतेच. शहरातल्या फिरण्याचंही तसंच: लेव्हल ११ पर्यंत ठरलेल्या मर्यादेत पावती नको, पण प्रवासाचा कालावधी आणि वाहनाचा क्रमांक लिहावा लागतो. रिक्षातून उतरतानाच तो टिपून ठेवावा, नंतर आठवत नाही. घर ते स्टेशन ही रिक्षा या मर्यादेत घालू नका, ती प्रवासाची वेगळी ओळ.

लेव्हल ६ ते ११ ला रेल्वेचा एसी टू टियर किंवा विमानाचा इकॉनॉमी वर्ग. विमान असेल तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या सरकारमान्य एजंटांकडूनच, शक्यतो २१ दिवस आधी. ७२ तासांच्या आत काढलं तर कारण लिहून द्यावं लागतं. दुसऱ्या संकेतस्थळावर स्वस्त मिळालं, ही सबब टेबलावर चालत नाही.

बिलासोबत नामनिर्देशनाचा आदेश, कार्यमुक्तीचा आदेश, तिकिटं आणि संस्थेचं उपस्थिती प्रमाणपत्र लावा. आगाऊ रक्कम उचलली असेल तर परतल्यावर १५ दिवसांत हिशेब. नसेल तर परतीचा प्रवास संपल्यापासून ६० दिवस. पूर्वी वर्ष मिळायचं, ते मार्च २०१८ पासून बंद झालं.