जॉइन होत नाही? अ‍ॅपकी नंतर बघू, आधी गेटवे उघडा

लोरावॅन या लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओ नेटवर्कमध्ये नोड, म्हणजे सेन्सरचा छोटा बोर्ड, जॉइन होत नाही म्हटलं की बहुतेक जण अ‍ॅपकी (नोड आणि सर्व्हरची सामायिक गुप्त किल्ली) पुन्हा टाकतात, मग नवीन बनवून टाकतात, मग बोर्ड बदलतात. मला हा क्रमच पटत नाही. गाडी कुठे अडली ते आधी शोधायला हवं. नोडची जॉइन रिक्वेस्ट गेटवेपर्यंत (नोडचे रेडिओ संदेश सर्व्हरकडे पोचवणारा बॉक्स) पोचतच नाही, सर्व्हर ती नाकारतो, की सर्व्हरचं उत्तर नोडला ऐकू येत नाही? नोडच्या सिरियल मॉनिटरवर तिन्ही वेळा 'नो जॉइन अ‍ॅक्सेप्ट' एवढंच दिसतं. म्हणून मी थेट गेटवेवर आलेल्या फ्रेम, म्हणजे रेडिओ संदेश, बघतो.

तिथे काहीच नसेल तर बँड आणि चॅनेल तपासा. यूएस ९१५ या अमेरिकेतल्या बँडमध्ये १२५ किलोहर्ट्झचे ६४ अपलिंक चॅनेल आहेत आणि साधा गेटवे त्यातले आठच ऐकतो. नोडला सबबँड, म्हणजे त्या आठ चॅनेलचा गट, सांगितला नसेल तर बहुतेक रिक्वेस्ट वाया जातात, एखादीच लागते. 'कधी कधी होतो जॉइन' असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

फ्रेम दिसते पण सर्व्हर नाकारतो, तेव्हा ती फ्रेम नीट वाचा. जॉइन रिक्वेस्ट जेमतेम २३ बाइटची असते आणि त्यातले जॉइनईयूआय (जॉइन सर्व्हरचा ओळख क्रमांक), डेव्हईयूआय (नोडचा ओळख क्रमांक) एन्क्रिप्ट केलेले नसतात. नोडवरच्या एलमिक या लोरावॅन लायब्ररीला हे दोन्ही उलट्या बाइटक्रमाने द्यावे लागतात, अ‍ॅपकी मात्र सरळ. ईयूआय बरोबर असूनही एमआयसी (किल्ली वापरून काढलेला पडताळणीचा कोड) जुळत नसेल, तर आता खुशाल अ‍ॅपकीवर संशय घ्या. बॅटरी बदलल्यावर बंद पडलेला नोड असेल तर डेव्हनॉन्स, म्हणजे जॉइन रिक्वेस्टचा क्रमांक, बघा. लोरावॅनच्या १.०.४ आवृत्तीत तो दर रिक्वेस्टला वाढलाच पाहिजे. फर्मवेअर तो फ्लॅशमध्ये जपत नसेल तर मोजणी शून्यापासून सुरू होते आणि सर्व्हर, योग्यच करतो, रिक्वेस्ट फेटाळतो. सर्व्हरवरचे जुने नॉन्स पुसले की नोड चालू होतो, पण पुढच्या बॅटरीला पुन्हा तेच. फर्मवेअरच दुरुस्त करा.

सगळ्यात जास्त छळतो तो तिसरा प्रकार: सर्व्हर जॉइन अ‍ॅक्सेप्ट पाठवतो, गेटवे ते हवेत सोडतो, आणि नोड ढिम्म. एका सहकाऱ्याचा नोड गेटवेच्या त्याच खोलीत होता. सिग्नल उत्तम, एसएफ ७ वर (स्प्रेडिंग फॅक्टर; आकडा वाढला की वेग मंदावतो) रिक्वेस्ट जात होत्या, उत्तरंही निघत होती, तरी जॉइन नाही. नोड हळूहळू एसएफ १२ पर्यंत उतरला आणि लगेच जॉइन झाला. अंतर कमी असताना मंद वेगावरच जमतं, हीच खूण.

पहिली रिसीव्ह विंडो, म्हणजे नोड उत्तर ऐकतो ती वेळ, रिक्वेस्ट संपल्यावर बरोबर ५ सेकंदांनी उघडते, दुसरी ६ सेकंदांनी. त्या बोर्डावर अचूक वेळेसाठी लागणारा क्रिस्टल नव्हता, वेळ मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या, कमी अचूक आरसी ऑसिलेटरवर चालायची. घड्याळ १ टक्का चुकलं तर ५ सेकंदांत ५० मिलिसेकंदांची चूक. एसएफ ७ ला एक सिम्बॉल (सिग्नलचा एक तुकडा) साधारण १ मिलिसेकंदाचा, म्हणजे आठ सिम्बॉलचा प्रीअँबल (संदेशाच्या सुरुवातीची ओळखखूण) ८ मिलिसेकंदांत संपतो. नोड कान उघडतो तोवर तो निघून गेलेला असतो. एसएफ १२ ला तोच प्रीअँबल २६० मिलिसेकंदांच्या आसपास, त्यामुळे ५० ची चूक खपून जाते.

एलमिकमध्ये सेट क्लॉक एरर वापरून ही चूक १ टक्का धरायला सांगितली, त्यामुळे विंडो रुंद झाली आणि नोड एसएफ ७ वर जॉइन झाला.

मात्र हे करण्याआधी गेटवेच्या पॅकेट फॉरवर्डरचा (सर्व्हरशी देवाणघेवाण करणारा प्रोग्राम) लॉग बघा. तिथे 'टू लेट' दिसत असेल तर उत्तर हवेत गेलेलंच नाही. गेटवे आणि सर्व्हरमधलं इंटरनेट संथ आहे, आणि नोडवर काहीही केलं तरी फरक पडणार नाही. घड्याळाचाच दोष ठरला, तर पुढच्या बोर्डावर क्रिस्टल घ्या. विंडो रुंद केली की उत्तर येवो न येवो, प्रत्येक अपलिंकनंतर रिसीव्हर जास्त वेळ चालू राहतो, आणि बॅटरीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.