प्रत्येक गाडीत चौथीतलं एक पोर

कॅलिफोर्नियातल्या सोलेदाद गावातून पूर्वेकडे बघितलं की गाबिलानची डोंगररांग दिसते. पिनॅकल्स नॅशनल पार्कचं पश्चिमेकडचं फाटक तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. सॅन होजे, ओकलंडकडची माणसं दीड-दोन तास गाडी हाकत इथे येतात. सोलेदादमध्ये मात्र वीस-वीस वर्षं लेट्यूस कापणारी अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांनी हे पार्क आतून कधी पाहिलेलंच नाही. त्यांना तिथवर नेणं हे माझं काम. पुण्यात हौस म्हणून शिकलेलं स्पॅनिश लग्नानंतर इकडे आल्यावर पोटापाण्याचं झालं आणि एका छोट्या संस्थेत मी सहलींची जुळवाजुळव करायला लागले.

असं काम हाती आलं की कुठलंही ऑफिस पहिल्यांदा काय करतं, तर स्पॅनिशमध्ये पत्रक छापतं. छापावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आमच्याबरोबर काम करणारी जी प्रोमोतोरा आहे, म्हणजे आपल्या आशाताईंसारखी वस्तीतलीच, घरोघर ओळख असलेली बाई, तिने ते पत्रक हातात घेऊन वाचलंसुद्धा नाही. तिचे प्रश्न निराळे होते. रविवार आहे ना? कारण शनिवारी निम्मी माणसं शेतावर असतात. चर्चमधली मिसा आटोपून निघायचं की आधी? बसायला सावली आहे? म्हातारी माणसं कुठे थांबतील? शौचालय किती लांब? आणि शेवटचा: दारावर कोण उभं असतं?

खरं तर सगळा मामला या प्रश्नांतच आला. नॅशनल पार्क म्हटलं की आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोघंजण असतात, पायात बूट, पाठीला पाण्याची पिशवी, चार मैल चालून येणारे. इथली कुटुंबं येतात ती पंधरा-सोळा जणांची, तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत, आणि त्यांचा दिवस जेवणाभोवती फिरतो. सहाजणांच्या बाकावर ती मावत नाहीत. चार-पाच बाकं जोडून मिळाली तर ती दिवसभर राहतात, नाहीतर तासाभरात काढता पाय घेतात.

मार्चमधला रविवार ठरवला, तोही हिशेबाने. हिवाळ्यात लेट्यूसचं काम ॲरिझोनातल्या युमाकडे चालतं, बरीच माणसं तिकडे गेलेली असतात. ती मार्चअखेर परततात आणि एप्रिलपासून सलीनासच्या खोऱ्यात हंगाम सुरू झाला की कुणाला मान वर करायला फुरसत नसते. शिवाय उन्हाळ्यात पिनॅकल्समध्ये पारा चाळीसच्या आसपास जातो. मार्चमध्ये डोंगर हिरवा असतो, फुलं असतात.

प्रवेश फी एका गाडीला 30 डॉलर. त्यावर सरकारचीच एक सोय आहे: 2015 पासून देशभरातल्या चौथीच्या मुलांना वर्षभराचा फुकट पास मिळतो आणि पासवाल्या पोराबरोबर गाडीतले सगळे आत जातात. त्या वेळी अट एवढीच होती की पास कागदावर छापलेला हवा, मोबाइलवरचा चालत नव्हता. प्रोमोतोराने वाचनालयात बसून सगळ्यांचे पास छापून आणले. मग शाळेच्या आवारात वाटप सुरू झालं, प्रत्येक गाडीत चौथीतलं एक पोर. एका गाडीत अशी दोन निघाली आणि दुसरीत एकही नाही. जादाच्या मुलाला शेजाऱ्यांच्या गाडीत बसवायला गेलो तर त्याने भोकाड पसरलं. शेवटी त्याचा कुत्रा त्याच्याबरोबर त्या गाडीत गेला तेव्हा गाडं हललं. कुत्रा पायवाटेवर चालत नाही हे सांगायला पाहिजे होतं, पण रडणं थांबलंय म्हटल्यावर कोण बोलणार!

पश्चिमेचा रस्ता द्राक्षमळ्यांतून जातो आणि पुढे इतका अरुंद आणि वळणाचा होतो की मोठी बस तिथे नकोच. म्हणून दोन व्हॅन आणि मागे लोकांच्या स्वतःच्या गाड्या. व्हॅन आत पोचल्या, पार्किंगमध्ये लागल्या, पोरं खाली उतरली. तेवढ्यात पार्कची गस्तीची गाडी आमच्या समोरून सावकाश निघून गेली. आतल्या अधिकाऱ्याने हातसुद्धा हलवला.

पांढरी गाडी, त्यावर हिरवा पट्टा, वर दिव्यांची पट्टी. मेक्सिकोच्या सीमेवर फिरणाऱ्या बॉर्डर पेट्रोलच्या गाड्याही पांढऱ्याच, त्यांच्यावरही हिरवा पट्टा. पार्कच्या रेंजरची पँट हिरवी आणि बॉर्डर पेट्रोलचा तर सगळा गणवेशच हिरवा. जवळून पाहिलं तर फरक कळतो, पार्कच्या गाडीवर बाणाच्या टोकाच्या आकाराचं चिन्ह असतं आणि त्यात गवा, झाड, डोंगर. पण ज्याच्या घरात एकाचे इथे राहण्याचे कागद आहेत आणि दुसऱ्याचे नाहीत, तो जवळून बघायला थांबत नाही.

मागच्या दोन गाड्या आल्याच नाहीत. प्रोमोतोराचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, "नाही, नाही, ला मिग्रा नाही," असं दोनदा म्हणाली आणि फोन बंद झाला. इमिग्रेशनवाल्यांना सगळं खोरं याच नावाने ओळखतं. गाड्या फाटकाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या.

त्या दिवशी आमच्याबरोबर फिरायला जी रेंजर होती ती याच खोऱ्यातली, आईवडील शेतमजूर, स्पॅनिश घरचंच. मला वाटलं आता हीच जाऊन समजावेल. ती जागची हलली नाही. "मी गेले तर ते पळतील," ती म्हणाली. "आधी डोक्यावरची हॅट दिसते, माणूस मागाहून." तिने वॉकीटॉकीवर गस्तीवाल्याशी बोलून त्याची गाडी इमारतीच्या मागे लावायला सांगितली, स्वतः टेबलांकडे जाऊन पोरांना टॉर्च वाटायला लागली आणि प्रोमोतोरा एकटीच व्हॅन घेऊन खाली गेली.

प्रत्यक्षात फार वेळ गेला नसेल, पण मला तो फार वाटला. व्हॅनमागून एकच गाडी आली. दुसरी घरी परतली. त्यात कोण होतं ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहायचं कारण नाही. नंतर मी प्रोमोतोराला विचारलं की पुढच्या खेपेला त्यांना पुन्हा बोलवायचं का. "विचारू नकोस," ती म्हणाली, "मी बघते."

मग रेंजरचं बोलणं झालं. पिनॅकल्सचे हे सुळके सुमारे 2 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचे. तो ज्वालामुखी फुटला तो दक्षिणेकडे, आजच्या लँकेस्टर गावाजवळ. सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाने, म्हणजे जमिनीतल्या लांबलचक भेगेने, त्याचे दोन तुकडे केले आणि हा तुकडा सरकत सरकत तीनेकशे किलोमीटर उत्तरेला आला. हा डोंगरसुद्धा दक्षिणेतून आलेला आहे, असं ती म्हणाली की ऐकणाऱ्यांनी हसावं अशी अपेक्षा असते. रेंजर मंडळींना ही कोटी फार आवडते, मला ती जरा स्वस्त वाटते. हसलं कुणी नाही. मागून एका बाईने विचारलं, "म्हणजे अजून सरकतोय? मग इथे भूकंप होतो का?" पुढची दहा मिनिटं भूकंपावरच गेली आणि ती छान गेली.

इतिहासाचंही थोडं झालं. मूळचे इथले ते चालोन आणि मुत्सुन लोक. मेक्सिकोतून निघालेला हुआन बाउतिस्ता दे आन्साचा काफिला 1776 मध्ये याच खोऱ्यातून मॉन्टेरेकडे गेला. आन्साचा तो मार्ग आज नॅशनल पार्क सर्व्हिसच सांभाळते. सोलेदादचं मिशन 1791 चं. इथे स्पॅनिश बोलणारी माणसं इंग्रजीवाल्यांच्या कितीतरी आधीपासून आहेत, हे थोरांना ठाऊक होतं, पोरांना नव्हतं. पोरांचं सगळं लक्ष टॉर्चकडे.

टॉर्च होते बाल्कनीज गुहेसाठी. ही गुहा म्हणजे जमिनीतलं भुयार नव्हे. अरुंद घळीत वरून प्रचंड धोंडे कोसळून अडकले, त्यांचं छत झालं आणि खाली वाट राहिली. आत मिट्ट काळोख, काही ठिकाणी पाणी, काही ठिकाणी बसून सरकावं लागतं. आया बाहेरून नावं घेऊन हाका मारत होत्या आणि आतून प्रत्येक हाकेला चार आवाज ओ देत होते.

टेबलांपाशी तमाल्यांचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पदार्थाचं, पातेलं उघडलं होतं. कुत्र्याचा मालक, त्या रडणाऱ्या पोराच्या घरचा माणूस, तिथेच बसला, कारण कुत्र्याला पायवाटेवर बंदी आहे, टेबलांपाशी चालतो. त्याच्या शेजारी ग्रीनफील्डहून आलेली एक आजी. मेक्सिकोतल्या वहाकामधल्या, स्वतःची निराळी भाषा असलेल्या त्रिकी लोकांची मोठी वस्ती ग्रीनफील्डमध्ये आहे. या आजीला स्पॅनिश जेमतेमच, आमच्या पत्रकाचा तिला इंग्रजी पत्रकाइतकाच उपयोग. नऊ वर्षांची नात मध्ये बसून सांगत होती. रेंजरने तिपाईवर दुर्बीण लावली, हाय पीक्सच्या सुळक्यावर कॉन्डॉर, म्हणजे इथलं भलंमोठं गिधाड, बसला होता. आजीने डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि नातीला काहीतरी विचारलं. नात हसायला लागली. "आजी विचारते, पंखावर नंबर का लावलाय? कुणाच्या मालकीचा आहे?"

मालकीचा नाही. पण 1987 मध्ये जगात 27 कॅलिफोर्निया कॉन्डॉर उरले होते, सगळेच्या सगळे पिंजऱ्यात. रानातले शेवटचेही धरून आणले होते. त्यांची वीण लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयांत वाढवली आणि 2003 पासून पिनॅकल्समध्ये पक्षी सोडायला सुरुवात झाली. पंख पसरले तर साडेनऊ फूट, आणि प्रत्येकाचा नंबर वेगळा, म्हणजे कोण जगलाय, कोण आजारी आहे ते कळतं.

"आजारी कशाने?" हा प्रश्न कुत्र्याच्या मालकाचा. तोवर तो एक शब्द बोलला नव्हता.

शिशाने. आपल्याकडे गिधाडं गेली ती गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकमुळे, जनावरांसाठी त्यावर बंदी यायला 2006 उजाडलं. इथे कारण आहे बंदुकीची गोळी. शिशाची गोळी सावजाच्या अंगात फुटते, तिचा चुरा मांसात पसरतो, आणि मागे टाकलेलं धूड किंवा आतडी कॉन्डॉर खातो. एवढासा कण पुरतो. पक्ष्याची अन्न पुढे ढकलण्याची ताकदच जाते आणि पोट भरलेलं असून तो उपाशी मरतो. म्हणून त्यांना अधूनमधून पकडून रक्त तपासतात.

तो माणूस ऐकत होता. मग म्हणाला, मी एका रँचवर कुंपणं बांधतो. पार्कच्या कडेचं रानडुकरांसाठीचं कुंपण मघाशी पाहिलं, तार जमिनीपाशी कशी बसवलीय? रेंजरने सांगितलं. त्याने मान हलवली, एक-दोन गोष्टी त्याच्या पद्धतीने कशा बऱ्या झाल्या असत्या तेही सांगितलं. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाला, "आमचा मालक डुकरं मारतो. खारी मारतो. तिथेच टाकतो. उचलायचं मलाच असतं, पण रोज नाही उचलत."

रेंजरने बोलणं तिथेच तोडलं नाही आणि कायद्याचं पुस्तकही काढलं नाही. 1 जुलै 2019 पासून कॅलिफोर्नियात कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, हे तिने सांगितलं ते सगळ्यात शेवटी. आधी विचारलं, किती मोठी जागा आहे, कुठल्या कोपऱ्यात टाकतात, वर घिरट्या घालणारे पक्षी दिसतात का, त्यांच्या पंखाखाली पांढरं कुठे असतं. त्याने हाताने दाखवलं, पुढच्या कडेला. म्हणजे कॉन्डॉरच. साध्या टर्की गिधाडाच्या पंखाखाली मागची कड फिकट असते. रँच कुठे आहे हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

पार्कला आजवर या माणसाकडून तिकिटापलीकडे काही हवं असेल असं मला वाटलं नव्हतं. कुंपणापलीकडच्या जमिनीवर रोज जाणारे, मेलेलं जनावर उचलणारे किंवा न उचलणारे हात याचेच. कॉन्डॉर पार्कची हद्द बघून जेवत नाही.

निघताना गुहेतून आलेली पोरं चिखलाने माखलेली, पुन्हा कोण कोणाच्या गाडीत यावरून गोंधळ. परतीला पास लागत नाही हे कुणाच्या लक्षातच येईना, चौथीतली पोरं मोठ्या ऐटीत आपापल्या गाडीत एकेक जाऊन बसली. मी टेबलावर उरलेली पत्रकं गोळा करत होते. तो कुत्र्याला घेऊन आला आणि शिशाऐवजी वापरायच्या तांब्याच्या गोळ्यांची माहिती असलेला कागद मागितला. मी स्पॅनिश गठ्ठ्यातला एक पुढे केला.

"हा नको," तो म्हणाला, "इंग्रजी द्या. मालकाला स्पॅनिश येत नाही."